लेकरांच्या आनंदाचा हिशेब मागणाऱ्यांना

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या सहा बाया, त्यांची एक ते साडेतीन वर्षांची आठ लेकरं, दोन आज्या, तीन बाप, आणि मी व माझी अडीच वर्षांची मुलगी असे आम्ही एका मोठ्या थीम पार्कला जाऊन आलो. रात्री ग्रुपवर फोटो टाकले. सकाळपर्यंत तीन प्रश्न आले होते आणि तिन्ही आपल्याच माणसांचे. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारलं, "ताई, दोन वर्षांच्या पोराला यातलं काय आठवणार?" दुसऱ्या भावाने लिहिलं, एवढ्या पैशात वस्तीच्या अभ्यासिकेला पुस्तकं आली असती. तिसरा अजून शिकतोय, हुशार आहे. त्याचं म्हणणं, हा भांडवली चंगळवाद आहे आणि आंबेडकरी कार्यकर्तीने त्याची जाहिरात करू नये.

तिघेही प्रामाणिक आहेत, चळवळीत झिजणारे आहेत. म्हणून ग्रुपवर दोन ओळी न खरडता इथे सविस्तर लिहिते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लेकरांची करमणूक हा समतेच्या लढाईचाच एक भाग आहे. लढाई संपल्यावर फावल्या वेळात बघू, असा तो विषय नाही. आणि हे मी पदरचं सांगत नाहीये.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलंय. त्यातला पहिलाच प्रसंग कशाचा आहे ते आठवा. तो लेकरांच्या प्रवासाचा आहे. साल १९०१. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला, मुलं साताऱ्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना बोलावून घेतलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं अशी तयारी झाली. स्टेशनवर थोरल्या भावाने खर्चायला दोन-दोन आणे दिले आणि छोट्या भीमाने लगेच लेमोनेडची बाटली घेतली. पुढे मसूर स्टेशनवर काय झालं ते आपल्याला पाठ आहे. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान बसवून घ्यायला तयार होईना. दुप्पट भाडं देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. डबा भरलेला होता, पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही, म्हणून रात्र उपाशी काढली.

आपण भाषणांत हा प्रसंग सांगतो तेव्हा पाण्यापासून सुरुवात करतो. बाबासाहेबांनी मात्र टोपी, धोतर आणि लेमोनेडसुद्धा लिहून ठेवलंय. नऊ-दहा वर्षांच्या पोराचा आनंद किती मोठा होता हे कळल्याशिवाय त्याच्यापासून काय हिरावून घेतलं गेलं ते कळत नाही. त्याच पुस्तकात १९३४ चा दौलताबादचा प्रसंग आहे. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर किल्ला बघायला गेले होते. प्रवासाची धूळ धुवायला त्यांनी तिथल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून गोंधळ झाला. शेवटी किल्ला बघायला परवानगी मिळाली, पण आत पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. हीसुद्धा सहलच होती. म्हणजे बाबासाहेबांनी जातीचा चेहरा दाखवायला जे मोजके अनुभव निवडले, त्यातले दोन फिरायला निघालेल्या माणसांचे आहेत.

आता संविधान उघडा. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड वाचा. विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या आधी तिथे दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं येतात. विहिरी-तलावांच्या बाबतीत सरकारी खर्चाने चालणाऱ्या किंवा जनतेसाठी दिलेल्या जागा अशी अट आहे. करमणुकीच्या ठिकाणांना ती अट नाही. मालक खाजगी असला तरी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान बघून कोणाला दारातून परत पाठवता येत नाही. पुढे १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. अस्पृश्यतेच्या कारणाने करमणुकीच्या ठिकाणी प्रवेश नाकारला तर तो त्या कायद्याने गुन्हा ठरला. योगायोग बघा, हा कायदा १ जून १९५५ ला लागू झाला आणि त्याच वर्षी १७ जुलैला अमेरिकेत अनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथल्या काळ्या लोकांच्या लढ्यातलं एक पान आपल्या पोरांना माहीत असायला हवं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं, त्यात त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. टीव्हीवर अटलांटाच्या 'फनटाउन' या करमणूक उद्यानाची जाहिरात बघून ती विचारते, मला तिथे का जाता येत नाही? काळ्या मुलांना तिथे बंदी आहे हे लेकराला सांगताना बापाची जीभ कशी अडखळते, ते किंग यांनी लिहिलंय. थांबा, धीर धरा असा सल्ला देणाऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर होतं. त्याच वर्षी बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कपुढे काळे-गोरे कार्यकर्ते धरणं धरून शेकडोंच्या संख्येने अटक झाले. अखेर २८ ऑगस्ट १९६३ ला ते पार्क सगळ्यांना खुलं झालं. तिकडे वॉशिंग्टनला किंग यांचं ते गाजलेलं भाषण झालं, तो हाच दिवस. त्या दिवशी तिथल्या मेरी-गो-राउंडवर बसलेलं पहिलं काळं लेकरू होतं शॅरन लँगली. वय अकरा महिने. बाप शेजारी तिला धरून उभा होता.

अकरा महिन्यांच्या त्या लेकराला काय आठवणार होतं? काहीच नाही. तरी ते मेरी-गो-राउंड पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर नेऊन बसवलं गेलं.

आता आमच्या दिवसाकडे येते.

माझं लहानपण मुंबईतल्या वस्तीत गेलं. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं होतं आणि टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की आमची सगळी चाळ ती तोंडपाठ म्हणायची. गोराईला गेलेलं मात्र आमच्यात कोणी नव्हतं. आम्हाला कोणी अडवलं नव्हतं. तिकीट परवडत नव्हतं, एवढंच. आमचं फिरणं म्हणजे बापाच्या खांद्यावर बसून सहा डिसेंबरला चैत्यभूमी आणि चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक. त्याचा मला अभिमान आहे आणि माझी मुलगीही दोन्हीकडे जाऊन आली आहे. पण तिथे आपण कृतज्ञतेने जातो. लेकराने काही कारण नसताना नुसतं खिदळावं, अशी जागा आमच्या वाट्याला आली नव्हती.

म्हणून गटात विषय निघाला तेव्हा मी अडवलं नाही. नऊ महिने दर आठवड्याला पन्नास रुपये बाजूला टाकले गेले. गटात अकरा बाया आहेत. निघाल्या सहा. दोघींना खाडा परवडणारा नव्हता, एकीच्या घरून परवानगी नव्हती, एकीचं लेकरू तापलेलं, आणि एकीने तिचे जमलेले पैसे परत मागून मुलीच्या शाळेची फी भरली. हे मुद्दाम लिहिते, कारण फोटोत फक्त आलेल्या बाया दिसतात.

फाटकावर आमचं आडनाव कोणी विचारलं नाही. एक उंची मोजायची पट्टी होती. ठरावीक उंचीच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, त्यावरच्याला लहान मुलाचं तिकीट. आमच्यातला साडेतीन वर्षांचा एक दांडगा गडी पट्टीपुढे छाती काढून उभा राहिला. त्याची आजी हळूच म्हणते, "जरा मान खाली घाल की रे राजा." त्याने उलट टाचा वर केल्या. सगळे हसले, तिकीट तपासणारा पोरगाही हसला आणि त्याचं तिकीट काढावं लागलं. मी समाजशास्त्र शिकले, त्यामुळे ही पट्टी डोक्यातून जात नाही. जात मोजणारी पट्टी हटवायला आपल्या किती पिढ्या गेल्या! तिच्या जागी आता उंची मोजणारी आणि त्याच्याही आधी खिसा मोजणारी पट्टी आहे. दोन्ही सारख्याच आहेत असं मी म्हणणार नाही. पहिली जन्माने लागते आणि मेल्यावरही सुटत नाही. दुसरी पन्नास-पन्नास रुपये साठवून एका दिवसापुरती ओलांडता येते. पण त्या अकरापैकी पाच बायांसाठी दार बंदच राहिलं, हेही खरं.

बॅगा तपासल्या. लेकरांची मऊ खिचडी, दूध आत जाऊ दिलं. आमच्या भाकऱ्या आणि ठेचा बाहेर ठेवावा लागला. आतलं जेवण महाग. नऊ महिन्यांच्या बचतीचा बराच भाग दुपारच्या एका जेवणात गेला. जी बंदी श्रीमंताला जाणवतसुद्धा नाही, ती गरिबाच्या पोटावर येते.

आत गेल्यावर पहिला तास रडण्यात गेला. अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस प्रेमाने जवळ आला आणि चार लेकरांनी एकदम भोकाड पसरलं. ऐन उन्हात त्या जाड कापडाच्या आत घामाने भिजलेला एक कामगार होता, तो बिचारा ओशाळून लांब गेला. मोठमोठ्या राइड, किंचाळणारी माणसं, कानठळ्या बसवणारं संगीत यातलं तान्ह्या लेकरांच्या कामाचं काही नाही. त्यांना काय आवडलं सांगू? बुटकी आगगाडी. मेरी-गो-राउंड. एका कट्ट्यावरून चढणं आणि उतरणं, चढणं आणि उतरणं. माझी मुलगी अर्धा तास त्या कट्ट्यावर होती. कट्ट्याला तिकीट लागत नाही. तरी ती तिथे का रमली? कारण तो स्वच्छ होता, गाडीखाली सापडायची भीती नव्हती, उघडं गटार नव्हतं, आणि आईला "इकडे ये, पडशील" असं सारखं ओरडावं लागत नव्हतं. लेकराला मोठं यंत्र लागत नाही, निर्धास्त जागा लागते. आमच्या वस्तीत तेवढी एक जागा नाही.

दुपारी लहान मुलांच्या पाण्यात उतरलो. गुडघाभर पाणी, कारंजी, रंगीत छत्र्यांवरून पडणाऱ्या धारा. कुठकुठली लेकरं त्यात एकत्र लोळत होती. आमच्याबरोबरची एक आजी मूळची मराठवाड्यातली. तिच्या गावात तिच्या लहानपणी आपली विहीर वेगळी होती, आणि ती आटली की वरून कोणीतरी ओंजळीत ओतेल याची वाट बघत उभं राहावं लागे. ती आजी लुगडं वर खोचून नातवाचा हात धरून पाण्यात उभी होती. आजूबाजूला बघत मला म्हणाली, "बाई, हे समद्यांचं पाणी एकच हाय का गं?" मी म्हटलं, "एकच आहे आजी." ती काही बोलली नाही. वाकली आणि ओंजळभर पाणी नातवाच्या डोक्यावर ओतलं.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याचा अर्थ मी कितीतरी शिबिरांत समजावून सांगितलाय. मला नाही वाटत त्या आजीएवढा नेमका मला कधी सांगता आला असेल.

निघताना बाहेरच्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने एका ताईच्या गळ्यातलं बाबासाहेबांचं पदक बघितलं आणि हळू आवाजात "जय भीम, ताई" म्हणाला. कंत्राटी कामगार, बारा तासांची पाळी. बोलता बोलता कळलं, त्यालाही दोन वर्षांची मुलगी आहे. "ती आली असेल की आत?" मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "नाही ताई, अजून नाही."

आता त्या तीन प्रश्नांकडे येते.

लेकराला काय आठवणार? माझ्या मुलीला तो दिवस आठवणार नाही, मान्य. पण तिला पहिला घास कोणी भरवला तेही तिला आठवणार नाही. आपण भरवायचं थांबवतो का? लेकरू आठवणीने मोठं होत नाही, सवयीने होतं. चकचकीत फरशीवर, अनोळखी गर्दीत, रुबाबदार माणसांमध्ये ही जागा माझीही आहे, असं पायांना वाटावं लागतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला अंगात मुरलेला स्वभाव मानतो. घरातून, वर्गातून तो नकळत शरीरात उतरतो. आपली किती हुशार पोरं मोठ्या कॉलेजात पहिल्या दिवशी भिंतीला लागून चालतात ते आठवा. ते अंग चोरणं गुणपत्रिकेतून येत नाही, लहानपणी कुठे मोकळं धावलो आणि कुठे नाही यातून येतं. आणि आईला आठवणार आहे ते वेगळंच.

पुस्तकं आली असती? आली असती, आणि आणूच. पण एक बघा. सधन वस्तीतल्या बापाने लेकराला थीम पार्कला नेलं, तर त्या पैशात किती पुस्तकं आली असती हे त्याला कोणी विचारत नाही. गरिबाच्या भुकेची दखल कोणी घेत नाही, पण त्याच्या आनंदाचा हिशेब सगळे मागतात. तो हिशेब आपणच आपल्या बायांकडे मागायला लागलो, तर मग फरक काय राहिला? शिवाय ते पैसे देणगीचे नव्हते. धुणीभांडी, झाडलोट आणि शिलाईच्या मजुरीतून त्यांनी वाचवलेले होते. शिका हा बाबासाहेबांचा आदेश शिरोधार्य आहे. पण त्याचा अर्थ आपल्या लेकराने जन्मल्यापासून फक्त परीक्षेसाठी जगावं असा नाही. खेळणं, विश्रांती, करमणूक हा मुलाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम म्हणतं. तो करार १९८९ चा आहे आणि भारताने १९९२ साली तो मान्य केला.

चंगळवाद? इथे मी अर्ध्यात सहमत आहे. तिकीट काढून आत गेलो म्हणजे मुक्ती झाली असं मी सांगायला लागले, तर मला जरूर झोडपा. पार्क आपल्याला माणूस म्हणून आत घेत नाही, गिऱ्हाईक म्हणून घेतं, आणि दुसऱ्या दिवशी खिसा रिकामा असला की फाटक बंद. पण म्हणून आपण बाहेर उभं राहून त्याला नावं ठेवायची आणि आतला आनंद आपसूक दुसऱ्यांच्या लेकरांना सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. ज्याला नाकारायची संधीच मिळालेली नाही, त्याच्या नकाराला त्याग म्हणत नाहीत.

मग करायचं काय? मी चार गोष्टी मांडते, आपापल्या वस्तीत तपासून बघा.

पहिली, आपल्या शहराच्या विकास आराखड्यात आपल्या वस्तीजवळ खेळाच्या मैदानासाठी, बागेसाठी कोणत्या जागा राखीव आहेत ते काढा. आज तिथे काय आहे ते जाऊन बघा. माहिती अधिकारात विचारा. जागा कागदावर असते आणि प्रत्यक्षात तिथे गाड्या लागलेल्या असतात.

दुसरी, अंगणवाडी. ही योजना १९७५ पासून चालू आहे आणि सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी आहे. आहार मिळतो की नाही हे आपण विचारतो. खेळायला जागा आहे का, हेही विचारा. दहा बाय दहाच्या खोलीत वीस लेकरं बसवून बालविकास होत नाही.

तिसरी आपल्या हातातली आहे. जवळपास प्रत्येक वस्तीत आपलं विहार आहे. रविवारी वंदना होते, जयंतीला मंडप पडतो. एरवी आवाराला कुलूप. त्या आवारात एक वाळूचा खड्डा, दोन छोटे झोके आणि सावलीत आयांना बसायला एक बाक, एवढं करायला ना महापालिका लागते ना मोठी देणगी. पाय फुटलेलं लेकरू विहाराच्या पायरीवर चढ-उतर करत मोठं झालं, तर पुढे त्याला विहारात बोलवायला वेगळं शिबिर घ्यावं लागणार नाही.

चौथी, मोठ्या करमणुकीच्या ठिकाणांकडे संघटितपणे मागणी करा. अंगणवाडीच्या आणि महापालिका शाळेच्या मुलांना वर्षातून ठरावीक दिवस सवलत, आणि तिथल्या कंत्राटी कामगारांच्या, सफाई करणाऱ्या बायांच्या, रक्षकांच्या लेकरांना मोफत प्रवेश. ज्यांच्या घामावर ती जागा चमकते, त्यांची लेकरं बाहेर राहू नयेत.

आणि ज्या गटांना आमच्यासारखं जायचंय त्यांना अनुभवाचे चार शब्द. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, रांगेतच लेकरू थकतं. फाटक उघडताच आत शिरा आणि आधी लहान मुलांच्या भागाकडे वळा. दुपारी लेकरं पेंगतात, तेव्हा सावली शोधून साडी अंथरा आणि निवांत झोपू द्या, पैसे वसूल करायच्या नादात त्यांना ओढत फिरवू नका. कपड्यांचे दोन जोड घ्या. बापांना बरोबर न्या. आमच्यासोबतच्या तिघांनी दिवसभर लेकरं कडेवर घेतली, तेव्हा कुठे त्यांच्या बायका वयाच्या तिशीत पहिल्यांदा मोठ्या पाळण्यात बसल्या. आणि ज्या बाया येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासमोर फोटो दाखवताना जरा जपून.

आमच्या गटाने पुन्हा पन्नास रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. या वेळी राहिलेल्या पाच जणींची पाळी पहिली असं ठरलंय. आणि विहाराच्या आवारातल्या वाळूच्या खड्ड्याचा अर्ज विश्वस्तांकडे दिलाय. त्यावर अकराही जणींच्या सह्या आहेत.

जय भीम!